शब्दशंका : ‘स्कोराज्जातो’ की ‘स्कोराज्जाता’?

प्रश्न : मी घरीच इटालियन शिकते. परीक्षेत कमी गुण मिळाल्यावर मी मैत्रिणीला ‘सोनो स्कोराज्जातो’ असे लिहिले, तेव्हा तिने ‘तो’ खोडून ‘ता’ केला. असे का? आणि या शब्दाचा अर्थ ‘निराश’ असाच ना?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मैत्रिणीची दुरुस्ती बरोबर आहे. ‘स्कोराज्जातो’ हे ‘स्कोराज्जारे’ (नाउमेद करणे) या क्रियापदापासून झालेले धातुसाधित विशेषण असून, आपण जसे ‘मी खचलो’ आणि ‘मी खचले’ असा भेद करतो, तसेच तेही बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. एकवचनातला ‘तो’ पुल्लिंगी, हे मराठी माणसाच्या सहज लक्षात राहते. अनेकवचनात मात्र हाच कान दगा देतो, कारण तेथे पुरुषांसाठी ‘स्कोराज्जाती’ आणि केवळ स्त्रियांसाठी ‘स्कोराज्जाते’ अशी रूपे होतात.

अर्थाबाबत मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. ‘निराश’ शब्दात आशा संपलेली असते. येथे संपतो तो धीर. ‘कोराज्जो’ म्हणजे धैर्य, आणि त्याचे मूळ हृदयवाचक लॅटिन ‘कोर्’ शब्दात आहे. त्याच्याआधी अभावदर्शक ‘स्’ लागला की धैर्य हरपते. आपल्या शहरात रोज कानांवर पडणारा गुजराती ‘नाहिंमत’ याच घडणीचा असल्याने, मला तो ‘निराश’पेक्षा कितीतरी जवळचा वाटतो, मराठीत ‘नाउमेद’ किंवा ‘धीर खचलेली’ म्हणावे. अपेक्षाभंग झाला एवढेच सांगायचे असेल, तर स्त्रीने ‘देलूजा’ म्हणावे. प्रत्येक आरंभीचा ‘स्’ मात्र अभावदर्शक समजू नये : ‘बात्तेरे’ म्हणजे मारणे आणि ‘स्बात्तेरे’ म्हणजे जोराने आपटणे.

‘सोनो स्कोराज्जाता’ ही सध्याची मनःस्थिती झाली. धीर खचण्याची घटना सांगायची असल्यास क्रियापद आत्मवाचक होते आणि ‘मी सोनो स्कोराज्जाता’ असे म्हणतात. यातला ‘मी’ म्हणजे ‘स्वतःला’, आपला कर्ता ‘मी’ नव्हे. मैत्रिणीने आपल्याला धीर देताना कदाचित ‘नोन ती स्कोराज्जारे’ (धीर सोडू नकोस) लिहिले असेल. जवळच्या एका व्यक्तीला नकारार्थी आज्ञा करताना इटालियनमध्ये क्रियापदाचे मूळ रूपच वापरतात, अगदी आपण मुलांना ‘रडायचे नाही’ म्हणतो तसे.