आईला रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. मेथोट्रेक्सेट बंद करून आयुर्वेदिक उपचार सुरू करावेत का? यावर संशोधन झालंय का?

तुम्ही लिहिलंय की मेथोट्रेक्सेटने आईंची सूज आटोक्यात आहे, पण गोळी घेतली की दोन दिवस मळमळतं. आता एक वैद्य म्हणतात, "ती गोळी सोडा, आम्ही मुळापासून बरं करतो." मी औषधशास्त्र शिकवते आणि याच विषयावरचे शोधनिबंध गेली काही वर्षं आवर्जून वाचते आहे. सरळ सांगायचं तर गोळी बंद करू नका. आयुर्वेदिक औषध सुरू करायचंच असेल तर ते दोन्ही डॉक्टरांना माहीत असू द्या.

संशोधन झालंय, आणि त्यातलं काही फार चांगल्या दर्जाचं आहे. माझ्या मते सगळ्यात विचारपूर्वक आखलेला प्रयोग कोइमतूरचा. तिथले वैद्य आणि अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ डॅनियल फर्स्ट यांनी तो मिळून केला आणि 2011 साली प्रसिद्ध केला. आयुर्वेदात एकाच रोगाच्या दोन रुग्णांना वेगवेगळी औषधं दिली जातात, मग त्यांची तुलना करायची कशी, ही यातली मुख्य अडचण. त्यांनी वैद्यांना नेहमीसारखी प्रकृतीनुसार औषधं निवडू दिली. प्रत्येक रुग्णाला मात्र दोन्ही प्रकारची औषधं मिळाली. एका गटात आयुर्वेदिक औषध खरं आणि मेथोट्रेक्सेट नकली (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं), दुसऱ्यात याच्या उलट, तिसऱ्यात दोन्ही खरी. आपण नक्की काय घेतोय हे रुग्णाला कळत नव्हतं, आणि सांधे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. काढे-चूर्णांच्या नकला करणं किती किचकट असेल याची कल्पना करा!

36 आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. तुमच्या वैद्यांनी बहुधा याच अभ्यासाचा हवाला दिला असेल. पण रुग्ण होते एकूण 43, म्हणजे एका गटात सरासरी चौदा-पंधरा. इतक्या कमी लोकांत फरक दिसला नाही, म्हणून दोन औषधं सारखी ठरत नाहीत. फरक असला तरी तो एवढ्या संख्येत सापडला नसता. शिवाय फक्त नकली औषध घेणारा गट तिथे नव्हताच. हा प्राथमिक अभ्यास आहे आणि संशोधकांनीही तो तसाच मांडलाय. त्याच्या जोरावर कुणाची चालू गोळी काढून घेणं मला अजिबात पटत नाही.

नकली औषधाचा गट इतका का महत्त्वाचा, हे पुण्यातल्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या 2000 सालच्या अभ्यासातून कळतं. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण त्यांनी 182 रुग्णांवर 16 आठवडे तपासलं. औषध घेणारे सुधारले, पण नकली गोळी घेणारेही बरेच सुधारले, आणि बहुतेक निकषांवर दोघांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. हा आजार चढतो-उतरतो. माणूस नवा उपाय शोधतो तो दुखणं कळसाला पोचल्यावर; त्यानंतर ते थोडं खाली येणारच असतं, आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाला जातं. "अमक्याला गुण आला" या अनुभवांवर मी विसंबत नाही ते यामुळे, मग औषध कुठल्याही पॅथीचं असो.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. वैद्यांनी "प्रतिकारशक्ती वाढवणारं" औषध देऊ केलंय असं तुम्ही लिहिलंय. आईंच्या शरीरात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही; ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे. तिला आवरणाऱ्या नियामक टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) शरीरात असतात, 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांच्यावरच्याच कामाला मिळालं. स्वयंप्रतिकार आजारात गरज असते ती या आवरण्याची.

गुळवेलीचं उदाहरण घ्या. कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ती घरोघरी घेतली जात होती. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण कावीळ आणि यकृताला सूज घेऊन आले, आणि ती सूज स्वयंप्रतिकार आजारासारखी होती. पुढे 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. ही शक्यता खरीच आहे, पण बाजारातून आणलेल्या चूर्णात कोणती वेल आहे हे तुम्ही-आम्ही कसं ओळखणार? स्वयंप्रतिकार आजार असलेल्याने गुळवेल टाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो. उद्या एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) वाढलं तर दोष कुणाचा, हे शोधणं अवघड होईल.

रसौषधींबद्दलही, म्हणजे धातू-खनिजांपासून बनवलेल्या औषधांबद्दलही, विचारा. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आणि एखाद्या पुडीने दोन-तीन दिवसांत जादूसारखा आराम पडला, पुढे चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. अशी पुडी एकदम थांबवणंही धोक्याचं असतं, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मळमळीचं मात्र मनावर घ्या, कारण बहुतेक जण गोळी सोडतात ती त्यापायीच. संधिवाततज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. मेथोट्रेक्सेटसोबत देतात त्या फॉलिक अ‍ॅसिडची मात्रा बदलणं, गोळी रात्री घेणं, डोस विभागणं, गोळीऐवजी इंजेक्शन देणं, असे बरेच मार्ग त्यांच्याकडे असतात. दुसरी औषधंही आहेत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, तेही घरात सगळ्यांना पक्कं माहीत असू द्या. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

दुखणं थांबलं म्हणजे सांध्याची झीज थांबली असं नसतं. आत सूज धुमसत राहिली तर हाड खात राहते, आणि एकदा वाकडं झालेलं बोट कुठल्याच औषधाने सरळ होत नाही. म्हणून आयुर्वेदिक औषध जोडायचं ठरलं तर आधी सीआरपी आणि ईएसआर (सुजेसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि रक्तपेशींची तपासणी करून घ्या, एका वेळी एकच नवं औषध सुरू करा आणि महिनाभराने त्याच तपासण्या पुन्हा करा. मेथोट्रेक्सेट कमी करता येतं, पण आजार बराच काळ शांत राहिल्यावर आणि संधिवाततज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

वैद्यांकडून प्रत्येक औषधाचं नाव आणि घटक कागदावर लिहून घ्या. बरेच वैद्य आनंदाने देतात, आणि आधीची गोळी चालू ठेवूनच उपचार करतात. नावं लिहून द्यायला नकार मिळाला तर आईंना तिथे नेऊ नका.