वाचकांचे प्रश्न : कुलूप शाबूत, घर उघडं

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच धास्ती आहे : काही न मोडता, आवाज न होता आपलं दार कुणी उघडेल का? पत्रं थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : चार दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर कपाटातले दागिने गायब. दाराला ओरखडा नाही, कुलूप नीट चालतंय. घरातली माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागली आहेत. कुलूप न तोडता दार खरंच उघडता येतं का? आता काय तपासायचं?

उत्तर : येतं, म्हणून आधी घरातल्यांवरचा संशय बाजूला ठेवा. काही न मोडता आत शिरण्याच्या मुख्य वाटा तीन. नुसतं ओढून घेतलेल्या दाराची लॅच सरकवणं ही पहिली. तुमच्याच किल्लीची नक्कल ही दुसरी. हत्यारांनी कुलूप फिरवणं ही तिसरी. लोक घाबरतात ते तिसरीला, पण पहिल्या दोन वाटांना फारसं कसब लागत नाही, त्यामुळे तपास तिथूनच सुरू करायचा. निघताना किल्ली फिरवली होती की दार नुसतं ओढलं होतं, हे आठवा. मग या कुलपाच्या एकूण किल्ल्या किती आणि त्या कुणाकुणाकडे आहेत, हे कागदावर लिहून काढा. आकडा जुळला नाही तर बरंच काही तिथेच कळतं.

तिसऱ्या वाटेच्या खुणा कुलपाच्या पोटात राहतात. आत किल्लीने उचलल्या जाणाऱ्या बारीक पिना असतात, रोजच्या वापराने त्यांची टोकं गुळगुळीत झिजतात. बारीक हत्याराने पिना उचलल्या असतील तर त्या झिजेवर ताजे, चकचकीत, वेडेवाकडे ओरखडे दिसतात. यासाठी मुद्दाम कोरलेली किल्ली घालून तिच्यावर ठोके दिले असतील तर पिनांवर बारीक खळगे पडतात आणि किल्लीचा खांदा आपटल्यामुळे सिलिंडरच्या, म्हणजे किल्ली जाते त्या कुलपाच्या गाभ्याच्या, तोंडावरही खूण उमटते. हे सगळं सिलिंडर उघडून, भिंगाखालीच नीट दिसतं. म्हणून घाईने दुसरं काही करू नका : किल्ली पुन्हा पुन्हा फिरवू नका, तेल सोडू नका, कुणाला ‘जरा बघ रे’ म्हणून आत तार घालू देऊ नका. पोलिसांना सांगून आख्खा सिलिंडर काढा, कागदी पाकिटात घालून वर तारीख लिहा आणि दाराला नवा बसवा. जुना फेकलात तर एकमेव साक्षीदार गेला असं समजा.

प्रश्न : आमच्या दाराला लॅच आहे. ओढलं की आपोआप लागतं, बाहेरून हँडल फिरत नाही. मग वेगळी किल्ली फिरवायची गरज काय?

उत्तर : गरज आहे, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ओढून घेतलेलं दार बंद असतं, कुलूपबंद नसतं. लॅचची जीभ तिरकी कापलेली असते आणि मागे स्प्रिंग असते. दार लागताना ती चौकटीवर घासून आत जाते आणि पुन्हा बाहेर येते. जी जीभ चौकट ढकलू शकते, ती फटीतून आलेली लवचिक पट्टीही ढकलू शकते.

चांगल्या लॅचमध्ये यावर उपाय केलेला असतो. जिभेला लागून एक बारीक दांडी असते. दार लागल्यावर ही दांडी चौकटीवरच्या पट्टीने दाबलेली राहिली पाहिजे, म्हणजे जीभ आतून अडकते आणि मागे सरकत नाही. आधी दार उघडं ठेवून एका बोटाने दांडी दाबा आणि दुसऱ्या बोटाने जीभ आत ढकलून पाहा. ढकलता आली नाही तर लॅच ठीक आहे. मग दांडीच्या टोकाला रंगीत खडू लावा, दार लावा, उघडा आणि चौकटीवरची पट्टी पाहा. खडूचा ठिपका सपाट पत्र्यावर उमटला असेल तर बसणी बरोबर. पत्र्यावर काहीच नसेल तर दांडीही जिभेबरोबर भोकात पडतेय, म्हणजे असून नसल्यासारखी. ही चूक फार घरांत सापडते. बहुतेकदा पट्टीचं भोक मोठं कापलेलं असतं, नाहीतर दार बिजागरीवर खाली बसलेलं असतं. दार आणि चौकट यांत ३ मिमीच्या आसपास फट हवी. ती ६-७ मिमी झाली असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळा आणि मग पट्टी सरकवून बसवा.

एवढं करूनही लॅचवर विसंबून बाहेर पडू नका. खरा भार किल्लीने सरकणाऱ्या, चौकोनी, स्प्रिंग नसलेल्या डेडबोल्टवर टाकायचा. तो २५ मिमी बाहेर आला पाहिजे. ३ मिमी फटीत गेले तरी २२ मिमी चौकटीच्या आत राहतात. इथे एक बारीक गोम आहे. चौकटीतलं भोक पुरेसं खोल नसेल तर बोल्ट अर्ध्यावर टेकतो, किल्ली पूर्ण फिरत नाही आणि आतली अडकण लागत नाही. असा अर्धवट बोल्ट मागे ढकलता येतो. भोकात पेन्सिल घालून खोली मोजा, निदान २७-२८ मिमी हवी. किल्ली शेवटी जोर लावून फिरवावी लागत असेल किंवा पावसाळ्यातच अडत असेल, तर दोष बहुधा याच भोकात असतो, कुलपात नव्हे. छिन्नीने भोक खोल करा. पट्टी चौकटीच्या पातळ लाकडात अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी धरलेली असेल तर ७५ मिमीचे स्क्रू वापरा, भिंतीत प्लग घालून.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, डिंपल किल्लीचं कुलूप उघडूच शकत नाही. विश्वास ठेवावा का?

उत्तर : नाही. डिंपल म्हणजे किल्लीच्या सपाट अंगावर खळगे, एवढंच. आतली रचना बहुधा तीच जुनी असते, लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ साली पेटंट घेतलेली. स्प्रिंगवर उभ्या पिनांच्या जोड्या आणि योग्य किल्लीने त्यांच्या फटी एका रेषेत येणं. स्प्रिंगवरच्या पिना ठोक्याने क्षणभर उडतात, त्यामुळे स्वस्त डिंपल कुलूपही ठोक्याने उघडू शकतं.

विकत घेताना विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पिना नुसत्या गोल आहेत की मध्ये कंबर काढलेल्या, म्हणजे चुकीच्या जागी अडकणाऱ्या? पिनांशिवाय साइडबारसारखी दुसरी स्वतंत्र अडकण आहे का? तोंडाशी ड्रिल न लागणाऱ्या कडक पोलादाच्या पिना आहेत का? डिस्कच्या कुलपात, ज्याची कल्पना फिनलंडमध्ये एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ साली काढली, पिनांऐवजी फिरत्या चकत्या असतात, पिना आणि त्यांच्या स्प्रिंगाच नसतात. त्यामुळे ठोक्याची युक्ती तिथे चालत नाही. युरोपीय ईएन १३०३ मानकाचा शिक्का असलेल्या सिलिंडरवर वर्गीकरणाची चिन्हं असतात. त्यातलं सातवं चिन्ह किल्लीच्या सुरक्षिततेचं आणि ६ ही सर्वोच्च श्रेणी. ते वाचा, खोक्यावरचं चित्र वाचू नका.

बसवताना होणारी चूक लांबीची. सिलिंडर बाहेरच्या प्लेटच्या पुढे ३ मिमीपेक्षा जास्त येता कामा नये, नाहीतर पक्कडीला धरायला तोंड मिळतं आणि तो स्क्रूच्या भोकाशी मोडतो, कारण तिथेच तो सगळ्यात पातळ असतो. स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या आणि आतल्या प्लेटपर्यंतची मापं वेगवेगळी घ्या. ३५ आणि ४५ अशी दोन मापं निघाली तर तोच सिलिंडर मागा. दोन्हींची बेरीज सांगून ४०-४० आणलात तर एका बाजूला ५ मिमी बाहेर लोंबेल.

प्रश्न : भाड्याच्या घरात नुकतेच आलो. मालकांनी दोन किल्ल्या दिल्या. आधीच्या भाडेकरूकडे तिसरी असेल तर?

उत्तर : असेल असंच धरून चाला. मालकांची परवानगी घ्या आणि सिलिंडर बदला, आख्खं कुलूप बदलायची गरज नाही. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेवर, बोल्टच्या खाली, सिलिंडरच्या बरोबर समोर एकच लांब स्क्रू असतो, तो काढा. किल्ली घालून दहा-पंधरा अंश फिरवा, म्हणजे मधला खटका सिलिंडरच्या अंगात मावेल, आणि सिलिंडर बाहेर ओढा. येत नसेल तर हातोडी मारू नका, किल्ली थोडी इकडेतिकडे करत ओढत राहा. नवा त्याच रीतीने आत घाला, स्क्रू हलका आवळा, दार उघडंच ठेवून प्रत्येक किल्ली दोन्ही बाजूंनी दहा वेळा फिरवा आणि मगच दार लावा. स्क्रू करकचून आवळला की सिलिंडर तिरपा होतो आणि किल्ली जड जाते. जुना सिलिंडर मालकांना परत द्या, घर सोडताना तोच पुन्हा बसवता येतो.

किल्लीवर कोरलेल्या क्रमांकावरून काही बनावटींची किल्ली घडवता येते. तो क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि किल्लीवरून घासून टाका. किल्लीच्या स्पष्ट फोटोवरूनही खाचांची मापं काढता येतात, त्यामुळे नव्या घराच्या आनंदात किल्ली हातात धरून काढलेला फोटो कुठेही टाकू नका. ज्या सिलिंडरची कोरी किल्ली पेटंटने राखलेली असते आणि कार्ड दाखवल्याशिवाय नक्कल मिळत नाही, तो घेण्यात अर्थ आहे. मात्र पेटंटची मुदत २० वर्षांची असते. जुन्या बनावटीची मुदत संपली असेल तर कार्डाचा उपयोग उरत नाही, म्हणून आधी विचारा.

प्रश्न : मुख्य दाराला आतून खाली दाबायचं लांब हँडल आहे आणि दाराखाली बोटभर फट. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. अजून काही हवं?

उत्तर : फट आणि हँडल हे दोन्ही एकत्र असणं धोक्याचं. खालून वाकवलेली तार वर नेऊन हँडल खाली ओढता येतं. दाराच्या तळाला रबर किंवा ब्रशची पट्टी लावा, उंबऱ्याची पट्टी बसवा आणि बाहेर जाताना डेडबोल्ट किल्लीने लावा, म्हणजे हँडल ओढून काही होणार नाही. एक मात्र तपासा : काही कुलपांत आतलं हँडल दाबलं की लॅचबरोबर डेडबोल्टही मागे येतो. तशात फट बंद करणं हाच उपाय.

सेफ्टी डोअरच्या जाळीतून आतल्या कडीपर्यंत हात किंवा तार पोचते का, हे बाहेर उभं राहून स्वतः करून पाहा. पोचत असेल तर कडीभोवती पत्रा मारून घ्या. आय-होलवर आतून झाकण हवं, कारण उलट्या बाजूने भिंग लावून घरातलं दिसतं. आय-होल बाहेरून फिरवून निघतोय का, तेही एकदा चाचपा.

दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागरीची कांब बाहेर असते आणि ती ठोकून काढता येते. कांब न निघणाऱ्या बिजागऱ्या घ्या, किंवा बिजागरीच्या बाजूला दारात दोन पोलादी खुंट्या आणि चौकटीत त्यांची भोकं करून घ्या.

प्रश्न : बाहेरून अल्ड्रॉपला मोठं टाळं पुरेसं नाही का?

उत्तर : दिवसभर घरात कुणी नाही, हे ते टाळं जिन्यातल्या प्रत्येकाला सांगतं. तरी लावायचंच असेल तर कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसता कामा नयेत. आरपार बोल्ट आणि आतून नट घाला. टाळ्याचा दांडा दोन्ही बाजूंनी पोलादी गोळ्यांनी धरलेला असावा. स्प्रिंगच्या खटक्यावर दाबून लागणारं टाळं पातळ पत्र्याने सुटू शकतं.

प्रश्न : कोडचं डिजिटल कुलूप घ्यायचंय. किल्लीची कटकट जाईल ना?

उत्तर : आपत्कालीन किल्लीचं भोक बऱ्याचदा त्याच कुलपात झाकणाखाली असतं आणि तिथला सिलिंडर अनेकदा साधाच बसवलेला असतो. आधी तो पाहा. कोडने नुसती लॅच सुटते की बोल्टही फिरतो, हे विचारा. कारखान्यातला मूळ कोड पहिल्याच दिवशी बदला. एकाच कोडच्या वापराने चार बटणं मळकट दिसू लागली तर त्या चार अंकांचे क्रम फक्त २४ होतात, सहा वेगवेगळ्या अंकांचे ७२०. म्हणून कोड सहा अंकी ठेवा, दर काही महिन्यांनी बदला आणि बटणं रोज पुसा. कामाला येणाऱ्या माणसाला वेगळा कोड द्या, काम सुटलं की त्याच दिवशी तो काढून टाका.

प्रश्न : सुरक्षेसाठी आतूनही किल्ली लागणारं कुलूप लावावं का?

उत्तर : घरात माणसं झोपलेली असताना कधीही नाही. आग लागली, धूर भरला, तर अंधारात किल्ली सापडत नाही. आतून हाताने फिरणारी मूठ हवी. मूठ जाळीतून किंवा फटीतून पोचेल अशी भीती असेल तर वर सांगितल्याप्रमाणे जाळी आणि फट बंद करा, मूठ काढू नका. आतून किल्ली लावूनच ठेवायची सवय असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणारा सिलिंडर मागून घ्या. साध्या सिलिंडरमध्ये आत किल्ली राहिली की बाहेरच्या किल्लीने तो उघडत नाही, आणि मदतीला आलेला माणूस दाराबाहेरच अडकतो.