कारच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलता येतं का? नवीन टाकलेलं बेअरिंग लगेच परत का जातं?

हातोड्याने बदलणार असाल तर नाही. प्रेस (दाबून बसवायचं मशीन) असेल, किंवा निदान नकल, म्हणजे चाकामागचा ज्यात बेअरिंग बसतं तो भाग, सोडवून प्रेसवाल्याकडे घेऊन जायची तयारी असेल तर येतं. एवढंच विचारलं असतंत तर मी लिहायला बसलोही नसतो. पण तुम्ही खाली लिहिलंय ना, की काही महिन्यांपूर्वीच डाव्या चाकाचं बेअरिंग नवीन टाकलं होतं, आता परत साठच्या पुढे घूंऽऽ सुरू झालं आणि मेकॅनिक म्हणतो "साहेब, आजकाल मालच तसा येतो, दोन्ही बाजूचे टाकून घ्या", ते वाचून राहवलं नाही.

मालाला काही झालेलं नाही हो. बसवतानाच मारलंय ते बेअरिंग.

मी बडोद्याचा. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बेअरिंगच्या रिंगा ग्राइंड करणाऱ्या एका युनिटमध्ये इन्स्पेक्शनला आहे, सगळी नोकरी यातच गेली. बडोद्याला बेअरिंगचं कौतुक जुनं आहे, माणेजाची एफएजी ही बेअरिंग कंपनी १९६२ पासूनची, आता तिचं नाव शेफलर झालं तरी रिक्षावाल्याला एफएजीच सांगावं लागतं. त्यामुळे आमच्या मराठी मंडळींत, दांडिया बाजार म्हणा रावपुरा म्हणा, कोणी ना कोणी या लाइनमधला सापडतोच. ही रिंग कशी बनते ते मी रोज बघतो म्हणून सांगतो. साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचं स्टील, हार्डनिंग करून साठ रॉकवेलच्या (हे कडकपणाचं माप) आसपास नेलेलं, मग ग्राइंडिंग, मग छर्रे, म्हणजे दोन रिंगांमधले गोळे, जिथून फिरतात त्या ट्रॅकचं होनिंग, म्हणजे गुळगुळीत घासकाम. मापं घ्यायची खोली २० डिग्रीवर ठेवतात, कारण हाताच्या गरमीनेसुद्धा रीडिंग हलतं. दोन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडेतिकडे झाले की आम्ही रिंग बाजूला काढतो. आणि तीच रिंग गॅरेजमध्ये पोचली की पोरगा तिच्यावर घण घालतो.

माझे साडू गॅरेजवाले आहेत, वयाने आणि मानाने मोठे. इंजिनच्या कामात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही, हे आधीच सांगतो. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा आवाज सुरू झाला तेव्हा साहजिकच त्यांच्याकडेच नेली. बेअरिंग मी स्वतः दुकानातून बिल घेऊन आणलं होतं, सीलबंद डबा, नंबर जुळवलेला. मी समोर उभा होतो. त्यांच्याकडच्या पोराने नकल विटांवर ठेवला, बेअरिंग तोंडाशी धरलं, वर जुन्या पाइपाचा तुकडा लावला आणि घण सुरू. तो पाइप कुठे टेकलाय, बाहेरच्या रिंगला की आतल्या, ते बघायचं कोणाच्या मनातही नाही. दोनदा तिरकं गेलं, दोनदा परत ठोकून सरळ केलं. मग हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, वरून ठोकला, खाली आतल्या रिंगला आधार काहीच नाही. "बेसी गयुं काका!" पोरगा म्हणाला, म्हणजे बसलं. मी म्हटलं, अहो साडूसाहेब, समोरच्या लेथवाल्याकडे प्रेस आहे, दहा मिनिटांचं काम आहे. तर म्हणाले, "तुम्ही एसीत बसून मायक्रोमीटर लावणारे, आम्ही रस्त्यावरची माणसं. इतकी वर्षं अशीच बसवतोय, चालतात."

पावसाळा संपायच्या आत हलोलच्या रस्त्यावर आवाज परत सुरू. आणि गणपतीत सगळी मंडळी जमलेली असताना साडूंनी चारचौघांत सांगितलं की "हल्ली यांच्या लाइनचा माल पूर्वीसारखा राहिला नाही." ते मला लागलं. अजून लागतं. एकट्यात म्हणाले असते तर सोडून दिलं असतं.

दुसऱ्या वेळेला मी नकल प्रेसवर करून घेतला आणि काढलेलं बेअरिंग घरी आणलं. बाहेरची रिंग ग्राइंडरने कापली, ग्रीस रॉकेलने धुतलं आणि उजेडात धरून पाहिलं. ट्रॅकवर बारीक बारीक चकचकीत ठिपके, एका ओळीत, सारख्या अंतरावर. बॉलपेनचं टोक हलक्या हाताने ट्रॅकवरून ओढलं की प्रत्येक ठिपक्याला टक्, टक् लागायचं. जितके छर्रे तितकेच खड्डे, आणि छर्र्यांमधलं अंतर तेच खड्ड्यांमधलं अंतर. साडूंना दाखवलं तर म्हणाले हे पाण्याने झालंय, पावसात सगळ्यांचंच होतं. म्हणून मग भिंग घेतलं. पाण्याने गंज धरतो तेव्हा पृष्ठभाग खाल्ला जातो, वेडावाकडा, लालसर काळा. नुसत्या थरथराटाने ट्रॅक झिजतो तेव्हाही सारख्या अंतरावर खुणा उठतात, पण त्यांच्या तळाचं फिनिशिंग पुसलं गेलेलं असतं आणि लाल भुकटी सापडते. इथे खड्ड्याच्या तळाशी मशीनच्या बारीक रेघा जशाच्या तशा शाबूत. म्हणजे धातू खाल्ला गेला नाही, घासला गेला नाही, दाबला गेला. छर्रा जागेवर उभा असताना वरून घाव बसला. माझ्या बेअरिंगला तरी याचं दुसरं काही कारण दिसत नाही.

एवढं कडक स्टील हातोड्याने कसं दबेल, असं वाटेल तुम्हाला. छर्रा ट्रॅकला टेकतो ती जागा टाचणीच्या डोक्याएवढीही नसते, सगळा जोर तेवढ्यातून जातो. न फिरणाऱ्या बेअरिंगवर किती लोड टाकायचा याची जी स्टँडर्ड मर्यादा आहे ती धरलेली असते छर्र्याच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा खड्डा पडेपर्यंत. १२ मिलिमीटरचा छर्रा असेल तर १.२ मायक्रॉन. घणाचा एक चुकीचा घाव याच्या कितीतरी पुढे जातो. सुरुवातीला आवाज येत नाही, म्हणून गॅरेजवाल्याला वाटतं बसलं. मग प्रत्येक फेऱ्याला छर्रे त्या खड्ड्यांवर आपटतात, कडेचा पापुद्रा सुटतो, ती कपची ग्रीसमध्ये फिरते, आणि काही महिन्यांत घूंऽऽ. तोपर्यंत घण कोणाला आठवत नाही, मालाला शिव्या सुरू होतात.

तर पद्धत सांगतो. चाक उघडणं, कॅलिपर बाजूला बांधणं, डिस्क काढणं हे तुम्हाला येत असेलच, नसेल तर या कामात पडू नका. ॲक्सल नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करून ठेवा. नकल खाली काढला की हब बाहेर दाबायचा, तेव्हा आतली रिंग दोन तुकड्यांची असते, त्यातला एक हबवर अडकून राहतो, तो पुलरने (ओढून काढायच्या टूलने) काढा किंवा ग्राइंडरने जपून चीर पाडून छिनीने फोडा, हबला ग्राइंडर लागता कामा नये. मग सर्कलिप (बेअरिंग अडवून धरणारी कडी), मग जुनं बेअरिंग प्रेसने बाहेर. नकलची बोअर (बेअरिंग बसायचं भोक) साफ करून बोटाने बघा. जुनी रिंग बोअरमध्ये फिरत होती अशा चकचकीत ओढल्याच्या खुणा दिसल्या तर नवीन बेअरिंगसुद्धा फिरणार, तिथे नकलच बदलावा लागतो. बोअरला पंच मारून किंवा चिकटवायचं लोशन लावून बसवणारे भेटतील, त्यांना देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. जी रिंग घट्ट बसतेय तिलाच दाब द्यायचा. बेअरिंग नकलमध्ये जाताना फक्त बाहेरच्या रिंगवर. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग थोडी घासून घेतली की मापाचं टूल तयार. नंतर बेअरिंगमध्ये हब दाबताना आतल्या रिंगला मागून मापाच्या पाइपाचा आधार हवाच. हा आधार बहुतेक प्रेसवालेसुद्धा देत नाहीत, नकल दोन ठोकळ्यांवर ठेवतात आणि हब दाबतात, म्हणजे सगळा टनांचा जोर आतल्या रिंगवरून छर्र्यांतून बाहेरच्या रिंगवर. प्रेस वापरूनही बेअरिंग मेलंच. त्यामुळे प्रेसवाल्याकडे तुम्ही स्वतः उभे राहा आणि पाइप लावून घ्या, तो चिडला तरी चालेल.

ॲक्सल नट नवीन घ्या. टॉर्क तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला, छोट्या गाड्यांना साधारण १५० ते २५० न्यूटन मीटरच्या टप्प्यात असतो, आणि तो टॉर्क रेंचनेच द्यायचा, इम्पॅक्ट गनने टर्रर्र करून नाही. आतल्या दोन रिंगा एकमेकींवर किती आवळल्या जातात ते हा नट ठरवतो. नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकावर हलवूसुद्धा नका. आणि सीलबंद बेअरिंगमध्ये वरून ग्रीस भरायचं नसतं. जुन्या जीपच्या टेपर रोलर जातीच्या बेअरिंगला दरवेळी धुवून ग्रीस भरायचे, नट आवळून मागे घ्यायचे, ते वेगळं काम, ती सवय इथे लावू नका. साडूंचं अर्धं शिक्षण जीपवर झालंय म्हणून मुद्दाम लिहितो.

दोन्ही बाजूचे बदलायचे का? नाही. ज्याचा आवाज आहे तेच. जोडीने बदलायचे ते शॉक ॲब्सॉर्बर. चांगलं बसलेलं बेअरिंग लाखभर किलोमीटर सहज जातं, त्याला उगाच उपटून त्याच घणाखाली देण्यात तोटाच आहे. आणि डावं खरंच गेलंय का तेही आधी बघा, कारण आवाजाची बाजू कान चुकवतो. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरला गाडी हलकी डावीकडे-उजवीकडे झोका देऊन बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्यावर. न्यूट्रल करून बघा, आवाज गाडीच्या वेगाबरोबरच राहिला पाहिजे, इंजिनच्या आरपीएमबरोबर नाही. जॅकवर घेऊन चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. वर-खाली धरून चाक हलवल्यावर प्ले (सैलपणा) नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं मात्र समजू नका, आताची बेअरिंगं प्ले यायच्या कितीतरी आधी आवाज करतात.

हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं पण असो: टायर खाचे पडून झिजला असेल तर आवाज हुबेहूब बेअरिंगसारखाच येतो. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज मागे गेला तर बेअरिंगला हात लावायची गरजच नाही. एबीएसवाली (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी) गाडी असेल, आणि एप्रिल २०१९ नंतरच्या सगळ्या नवीन गाड्यांना ते आहेच, तर बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये मॅग्नेटिक पट्टी असते, ती सेन्सरकडेच आली पाहिजे. उलटं बसवलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम परत, नवीन बेअरिंगसकट. ती बाजू मॅग्नेटच्या ट्रेमध्ये ठेवायची नाही. स्ट्रटचे बोल्ट खोलले असतील तर नंतर अलाइनमेंट करून घ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

डुप्लिकेट माल बाजारात आहे, हे मी नाकारत नाही. बिल घ्या, डब्यावरचा कोड कंपनीच्या ॲपवर तपासा, शेफलरचं ओरिजिनचेक आहे, एसकेएफचं ऑथेंटिकेट आहे. आणि पाण्याने बेअरिंग जातच नाही असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्याकडे गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या, त्यानंतर आवाज करणाऱ्या चाकांत पाणी आणि गाळच निघाला. चालून गरम झालेलं बेअरिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी ओढून घेते. पण ते उघडलं की गंज दिसतो. साडूंना मी हेच म्हणत होतो, की पाण्याने झालं म्हणता तर गंज दाखवा.

तुमचं आत्ताचं बेअरिंग काढलं की ते गॅरेजवाल्याकडे टाकून येऊ नका, घरी आणा. कापायला कोणताही वेल्डिंगवाला दोन मिनिटांत कापून देईल, पण आधी डोळ्यांवर चष्मा लावायला सांगा, हे स्टील कडक असल्यामुळे तुकडा उडतो. ट्रॅक रॉकेलने धुवा, बॉलपेन फिरवा. सारख्या अंतरावर टक् टक् लागलं तर त्याच्या भिंगातून काढलेल्या फोटोसकट तो तुकडा मेकॅनिकच्या काउंटरवर ठेवा आणि पुढचं बेअरिंग बसवायची मजुरी देऊ नका. लाल गंज निघाला तर त्याला काही बोलू नका, तो बरोबर होता. फोटो इथे टाकलात तर मी बघून सांगेन. साडूंनाही दाखवेन.