पुरस्कारांच्या मोसमातले सिनेमे: यादी कशी करावी

ऑस्करच्या शर्यतीत कोणते सिनेमे असतील याची पहिल्यांदाच यादी करत असाल तर ट्रेलर बाजूला ठेवा आणि महोत्सवांची वेळापत्रकं उघडा. ऑगस्टअखेर व्हेनिस, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणारा अमेरिकेतला टेल्युराइड, मग कॅनडातला टोरांटो. टेल्युराइडची यादी आदल्या दिवशीच बाहेर येते, पण टोरांटोचं वेळापत्रक नीट वाचलं तर अंदाज आधीच बांधता येतो. सिनेमापुढे ‘कॅनडातील पहिला खेळ’ असं लिहिलेलं असेल, तर तो बहुधा टेल्युराइडला आधी दाखवला जाणार. ‘उत्तर अमेरिकेतील पहिला खेळ’ असेल तर तो टेल्युराइडला नाही. हा बारकावा फार कामाचा आहे, आणि तो शोधण्यात खरी मजा आहे.

टोरांटोत प्रेक्षक मतदानाने निवडतात त्या सिनेमावर खूण करा. २०२० मध्ये ‘नोमॅडलँड’ने व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार सुवर्णसिंह आणि टोरांटोचा प्रेक्षक पुरस्कार दोन्ही घेतले, पुढे ऑस्करही. मात्र महोत्सवातल्या टाळ्या किती मिनिटं वाजल्या, याच्या बातम्यांवर विसंबू नका. तिथे निर्माते-कलाकार समोर बसलेले असतात, मग टाळ्या लांबणारच.

नवखे हमखास चुकतात ते तारखांत. ऑस्करच्या पात्रतेसाठी ठरलेल्या सहा अमेरिकी महानगरांपैकी एकात सलग सात दिवस खेळ झाले की पुरतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्यापुढे आणखी शहरं लागतात. म्हणून अमेरिकेतली डिसेंबरची तारीख बघून आपल्याकडच्या तिकिटांची वाट बघू नका, भारतात तो जानेवारी-फेब्रुवारीत येऊ शकतो. त्याआधी नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची यादी मात्र जरूर चाळा.