मूलबाळ नाही. राहता फ्लॅट मृत्युपत्रात बेघरांच्या संस्थेला द्यावा, की आत्ताच देणगी द्यावी? टॅक्स वाचतो का, आणि नातेवाईक भांडतील का?

भांडतील. भांडू देत. बाकीचे प्रश्न सोपे आहेत, या एकासाठी मी लिहायला बसलेय.

माझी आत्या डोंबिवलीला एकटी राहायची. सरकारी नोकरी झालेली, लग्न केलं नाही, पेन्शन व्यवस्थित. स्टेशनच्या पुलाखाली एक बाई बसायची, केसांच्या जटा, अंगावर एकावर एक साड्या, आत्या तिला येताजाता पोळीभाजी द्यायची आणि घरातले नाकं मुरडायचे. 2018 ला रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा तिने पेपरात वाचलं, की 1988 च्या सुमारास त्यांना रस्त्यावर एक मुलगा करवंटीने गटारातलं पाणी पिताना दिसला, त्याच्यावर उपचार केले तर तो चांगला पदवीधर निघाला आणि आपल्या घरी परत गेला. आत्या मला म्हणाली, "म्हणजे हिचंही कुठेतरी घर असेल की गं."

मग तिने बेघर बायकांसाठी काम करणारी एक छोटी संस्था शोधली (नाव लिहीत नाही, त्यांना आधीच पुष्कळ ताप झालाय). न सांगता जाऊन स्वयंपाकघर बघितलं, संडास-बाथरूम बघितले, ऑडिट रिपोर्ट मागितला, मगच पैसे सुरू केले. दर महिन्याला, बँकेतून आपोआप जातील असे. तुम्हीही हेच आधी करा. वाढदिवसाला जेवण घालायला आणि फोटो काढायला सगळे येतात हो, पगार, औषधं, लाइटबिल याला कोण देतं? अनेकांकडून महिन्याचे हजार-हजार रुपये नक्की येणार असतील तर संस्थेला नर्स ठेवता येते.

शेवटी तिने मृत्युपत्र केलं. एफडी सगळ्या संस्थेला, दागिने आम्हा भाच्यांना. तेराव्यानंतर कागद वाचला आणि माझा चुलतभाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतात, तो उठलाच. एफडीवर नॉमिनी तो होता. म्हणे नॉमिनी म्हणजे मालक! नाही. नॉमिनीने पैसे फक्त बँकेतून घ्यायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे, 2010 ला सुप्रीम कोर्टाने बँक खात्याच्याच केसमध्ये हे सांगितलंय. मग म्हणे आत्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जी बाई शेवटपर्यंत भाजीवाल्याच्या हिशोबातली चूक काढायची तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि ते कधी कळलं तर पैसे बाहेर चालले तेव्हा! नशीब की मृत्युपत्र रजिस्टर केलेलं आणि सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलेलं. पण संस्थेचं नाव बोलीतलं लिहिलेलं, ट्रस्टचं कागदोपत्री नाव वेगळं, त्यावरून दादाच्या वकिलाने भरपूर काळ घालवला. तेव्हा ट्रस्टचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, सगळं लिहा. आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं वाटून देणारा माणूस, असा नेमा जो नातेवाइकांना घाबरत नाही.

फ्लॅटचं म्हणाल तर फ्लॅट फ्लॅट म्हणून देऊ नका. सोसायटी, मेंटेनन्स, कुलूप लावून बसलेला पुतण्या, छोट्या संस्थेने हे कुठे निस्तरायचं? शिवाय महाराष्ट्रात ट्रस्टला स्थावर विकायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यापेक्षा एक्झिक्युटरने फ्लॅट विकून रक्कम द्यावी असं लिहा.

टॅक्स: जिवंतपणी दिलं तर आयकरात देणगीची सवलत (80जी म्हणून ओळखतात ती), बहुतेक संस्थांना निम्म्या रकमेची वजावट, तीही मर्यादेत, आणि 2000 च्या वर रोख दिलेत तर काही नाही. आयकराच्या नव्या पद्धतीत (न्यू रिजीम) असाल तर विसरा. मृत्युपत्रातून दिलं तर काहीच वाचत नाही, कारण वाचवायला वारसा कर आपल्याकडे 1985 पासून नाहीच. दादा हेच म्हणत होता, "टॅक्स पण वाचत नाही मग कशाला दिलं?" अरे तिला द्यायचं होतं म्हणून दिलं! आणि "बेघरांचं सरकार बघेल" हे त्याचं दुसरं पालुपद. शहरात लाख वस्तीमागे एक निवारा हवा हे सुप्रीम कोर्टाने कधीच सांगून झालंय, 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांवर बेघर मोजले गेले, आता रात्री कल्याण नाहीतर दादर स्टेशनबाहेर एक चक्कर मारा आणि सरकारने किती बघितलंय ते सांगा.

रक्ताच्या माणसांना का नाही, हे मलाही सुनावलं गेलं. आत्याच्या आजारपणात रात्री जागायला रक्ताची माणसं किती होती ते मला माहितीये, त्या संस्थेतल्या दोन मुली आळीपाळीने यायच्या.

हां, एक राहिलं. वरचं सगळं स्वकष्टाच्या मालमत्तेचं. फ्लॅट वडिलोपार्जित पैशातला असेल तर फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं लिहिता येईल, आणि नवरा किंवा बायको असेल तर आधी त्यांच्या राहण्याची सोय लिहा, मग संस्था. वकील मात्र दादाच्या ओळखीतला नको.