नव्या अंगणवाडी सेविकेस: मुलांच्या पेयांतील कृत्रिम गोडी

ताई, उन्हाळ्यात आठवडी बाजारातून मुलांच्या हाती रंगीत सरबतांच्या पिशव्या येऊ लागल्या, की पाकिटामागील घटकांची यादी वाचण्याची सवय आयांना लावा. तेथे कृत्रिम गोडीचे पदार्थ क्रमांकाने ओळखता येतात: ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५४ सॅकरिन आणि ९५५ सुक्रालोज. साखरेहून शेकडो पट गोड असल्याने ते अगदी थोडे लागतात. यादीच छापलेली नसेल, तर ते पेय नाकारावे. फेनिलकीटोन्यूरिया हा दुर्मिळ जन्मजात विकार असलेल्या बालकाला अस्पार्टेम वर्ज्य आहे. इतरांना एका घोटाने विषबाधा होईल, अशी भीती मात्र घालू नका. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. मेळघाटात तर चिंता कुपोषणाची, तेथे उष्मांक नसलेल्या गोडीचा उपयोग तो काय?

सर्वांत जपायचे ते जुलाबात. ओआरएसमधील ग्लुकोजमुळे आतड्यात सोडियम आणि त्याबरोबर पाणी शोषले जाते. कृत्रिम गोडीला ते काम जमत नाही, म्हणून घरी मीठ-साखरेचे पाणी करताना साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या टाकू देऊ नका. एरवी तहानेला साधे पाणी किंवा ताक पुरे. कैरीच्या पन्ह्यातही गूळ बेतानेच घालावा, कारण दात त्यानेही किडतात.