कपाळावरचा जुना दिवा ठेवू की टाकू?

प्रश्न : नमस्कार ताई, माझ्याकडे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा हेडटॉर्च आहे, तीन एलईडीवाला, रिमोटचे तीन बारीक सेल लागतात त्याला. दिवाळीनंतर खिरेश्वरवरून रात्री हरिश्चंद्रगड चढायचा बेत आहे. मुलगा म्हणतो बाबा तो भंगारात टाका, हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) घ्या. खरंच इतका लागतो का?

उत्तर : काका, हजार काही लागत नाही हो. पायवाटेला शंभर लुमेनसुद्धा रग्गड झाले, लांबची वाट शोधायला तीनशे-चारशेचा झोत असला की झालं. पण मुलगा अगदीच चूक नाहीये. 2000 साली पेट्झल कंपनीचा टिका नावाचा हेडटॉर्च आला तीन एलईडी घेऊन, तेव्हा बल्बवाल्या जड टॉर्चपुढे तो म्हणजे चमत्कारच वाटायचा, पण असल्या दिव्यांचा उजेड पसरट आणि निळसर, त्यात दगडाची खाच दिसतच नाही नीट, आणि तोलार खिंडीनंतर रेलिंगचा कातळ लागतो तिथे पाय कुठे ठेवायचा ते दिसायलाच हवं ना.

आता खोक्यावरच्या आकड्यांचं सांगते. 400 लुमेन आणि 100 तास असं शेजारी शेजारी छापलेलं असलं तरी दोन्ही एकदम मिळत नाही, 100 तास सगळ्यात मंद मोडवरचे असतात, आणि तेही उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. त्यामुळे मधल्या मोडला किती तास चालतो तेवढं विचारा.

जुन्याची एक गोष्ट मला अजून आवडते, सेल संपत आले की तो हळूहळू मंद होत जातो, मरता मरता पण तंबूत भांडी शोधण्यापुरता जळत राहतो. नवे बरेचसे शेवटपर्यंत एकसारखे जळतात आणि मग दोन-चारदा डोळा मिचकावून एकदम पडतात. दुसरं म्हणजे बटण, सॅकमध्ये दाबलं जाऊन रात्री उघडावं तर चार्ज शून्य, माझं झालंय हे, म्हणून लॉकवालाच घ्या. टाइप-सी असला की फोनचीच केबल चालते. लाल लाइट पण बघा, गुहेत बाकीचे झोपलेले असताना शिव्या बसत नाहीत.

जुना टाकू मात्र नका, स्पेअर म्हणून सॅकमध्ये राहू दे. त्याचं झाकण उघडून बघा, स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं तर सेल गळलेत, कापसाच्या काडीला लिंबाचा रस लावून पुसा (हाताला लागू देऊ नका), कोरडं करा आणि नवे सेल वेगळ्या पिशवीत न्या, आत घालून ठेवू नका. आणि वर धुकं मिळालं तर हेडटॉर्च कपाळावरून काढून कमरेपाशी हातात धरा, नाहीतर समोर नुसती पांढरी भिंत दिसते, मग तो शंभरचा असो नाहीतर हजारचा.